वाजवणारा अज्ञात

म्युझियममधली वाद्यं सांभाळणं ही माझी नोकरी. पण या नोकरीत नेमकं काय सांभाळायचं असतं, ते कळायला मला माझ्याच गावी, सोलापूरला जावं लागलं...

"काय बे, वाद्यं पुसायला पण डिग्री लागती का?"

सोलापूर स्टेशनच्या बाहेर बाइकला किक मारता मारता माझ्या आतेभावाने विचारलेला हा पहिला प्रश्न. पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून मी रात्री उतरले होते. पाठीवर सॅक, हातात रेकॉर्डर आणि मोजपट्टीची पिशवी. 'कशी आहेस, जेवलीस का' वगैरे काही नाही. थेट डिग्रीवर! सोलापुरी माणूस असाच. आडपडदा नाही.

तसा हा प्रश्न मला नवीन नाही. मी पुण्यातल्या एका छोट्या खासगी संग्रहात वाद्यांची असिस्टंट क्युरेटर आहे. क्युरेटर म्हटलं की निम्म्या लोकांना वाटतं, मी क्रिकेटची पिच बनवते. उरलेल्यांना वाटतं, मी सतार वाजवते. मला सतार वाजवता येत नाही. तंबोरा जुळवता येतो, तोही कुणी घाई केली नाही तर. मग मी करते काय? तर वाद्यं वाजणार नाहीत, पण मोडणारही नाहीत, याची काळजी घेते. आतेभावाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हंजे न वाजणाऱ्या वाद्यांची वॉचमन!"

तेव्हा मी हसले. नंतर चार दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना.

टेस्टिंगमधून तुंब्याकडे

आधी माझी गोष्ट थोडक्यात. इंजिनीअरिंग, कॅम्पस, हिंजवडी, टेस्टिंगची टीम. तुमच्यापैकी अनेकांची असते तशीच. पगार चांगला होता, एसी तर त्याहून चांगला होता. एका पावसाळी शनिवारी सोलापूरची पाहुणेमंडळी आली म्हणून त्यांना पुणं दाखवायला निघाले. शनिवारवाडा झाला, सारसबाग झाली, पाऊस वाढला म्हणून बाजीराव रोडजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात शिरलो. तोवर पुण्यात सहा वर्षं काढून मी तिथे एकदाही गेले नव्हते. (तुम्ही गेलाय? खरं सांगा.)

दिनकर गंगाधर केळकर या माणसाचा जन्म १८९६ चा. घरचा धंदा चष्म्यांचा. कविताही करायचे, 'अज्ञातवासी' या नावाने. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने त्यांनी हे संग्रहालय उभं केलं. गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यांवरून, अडगळीतून त्यांनी दिवे, अडकित्ते, दौती, दारं, खेळणी आणि वाद्यं गोळा केली. वस्तू भरल्या वीस हजारांच्या घरात! १९७५ मध्ये त्यांनी तो सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. १९९० मध्ये ते गेले.

वाद्यांच्या दालनात मी अर्धा तास एकाच जागी उभी होते. पाहुणे वैतागले. काचेमागे इतकी वाद्यं आणि पूर्ण शांतता. टेस्टरच्या डोक्याला सवय असते, एखादी गोष्ट चालत नसेल तर का चालत नाही ते शोधायची. ही कशी वाजत असतील? शेवटचं कधी वाजली? कुणी वाजवली? घरी येऊन मी रात्रभर नेटवर शोधत बसले, आणि अशी नोकरी असते हे पहिल्यांदा कळलं.

मग पुढचं सगळं. म्युझिऑलॉजी शिकायची तर देशातला सगळ्यात जुना विभाग बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, १९५२ पासूनचा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही पदविका अभ्यासक्रम चालतो. शिकायला काय असतं? नोंदणी, जतन, प्रकाशयोजना, कायदा, पाट्या लिहिणं. वाद्यांचं खातं हवं असेल तर त्यावर लाकूड, कातडं, धातू, तार, कीड या सगळ्यांची तोंडओळख. नोकऱ्या कमी. पगार... तो विषय आत्याने जेवताना काढलाच. "आधी किती मिळायचा आणि आता किती?" आकडा ऐकून तिने माझ्या ताटात आणखी एक कडक भाकरी वाढली. बिचारी पोर!

ब्रुसेल्समधले भरतमुनी

आता तुम्हाला एक भन्नाट गोष्ट सांगते. आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना ती पाठ असते.

१८७६ साली कलकत्त्याच्या राजा सौरींद्रमोहन टागोर यांनी बेल्जियमच्या राजाला शंभरेक भारतीय वाद्यं भेट पाठवली. पुढच्याच वर्षी ब्रुसेल्सच्या संगीत विद्यालयात वाद्यांचं संग्रहालय सुरू झालं आणि व्हिक्टर-शार्ल माइयों नावाचा गृहस्थ त्याचा क्युरेटर झाला. घरचा धंदा वाद्यं बनवण्याचा. त्याच्यासमोर प्रश्न असा की, जगभरातली वाद्यं एकत्र आली तर ती लावायची कशी? युरोपात ऑर्केस्ट्राच्या हिशोबाने तारेची, फुंकायची आणि ठोकायची असे तीन ढीग करायचे. पण ढोलक आणि झांज एकाच ढिगात कसे बसणार? एकात कातडं वाजतं, दुसऱ्यात धातूच वाजतो.

उत्तर आपल्याकडे तयार होतं. भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग सांगितलेत. तत म्हणजे तारांची, सुषिर म्हणजे फुंकायची, अवनद्ध म्हणजे कातडं ताणलेली आणि घन म्हणजे टाळ-झांजांसारखी सबंध. माइयोंची वाटणी याच चौकटीवर उभी राहिली. १९१४ मध्ये बर्लिनच्या हॉर्नबोस्टेल आणि साक्स या जोडीने ती आणखी बारीक केली आणि आज जगातली बहुतेक वाद्यसंग्रहालयं तीच पद्धत वापरतात. यातला कुर्ट साक्स नंतर बर्लिनच्या सरकारी वाद्यसंग्रहाचा प्रमुख झाला. ज्यू होता, म्हणून १९३३ मध्ये त्याला नोकरीवरून काढलं. ब्रुसेल्सचं संग्रहालय २००० सालापासून 'ओल्ड इंग्लंड' नावाच्या जुन्या, देखण्या डिपार्टमेंट स्टोअरच्या इमारतीत आहे. युरोप टूरवर गेलात तर चॉकलेटच्या दुकानांमधून अर्धा दिवस वाचवा.

पण चार खणांत सगळं बसतं असं नाही हं! आपल्याकडे देवीचे जोगती वाजवतात ते चौंडकं आठवा. लाकडी नळकांडं, एका तोंडाला कातडं, त्यातून निघालेली तार, ती हाताने ताणायची आणि छेडायची. मग हे तत की अवनद्ध? यावर जगभरातले अभ्यासक भांडलेत. चौंडकं वाजवणाऱ्याला अर्थातच काही फरक पडत नाही.

हे चार खण डोक्यात घेऊनच मी सोलापूरला आले होते. कामही ठरलेलं होतं. आमच्या संग्रहात दक्षिण महाराष्ट्रातली हलगी नव्हती. चांगली, जुनी, वाजलेली हलगी मिळवायची. आणि हलगी ऐकायची, तर सोलापुरात गड्ड्यासारखा मुहूर्त नाही.

गड्डा, बाराबंदी आणि कडकडाट

गड्डा म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वराची यात्रा. संक्रांतीच्या सुमाराला भरते. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी अडुसष्ट लिंगं स्थापली, त्या सगळ्यांना नंदीध्वज प्रदक्षिणा घालतात. नंदीध्वज म्हणजे उंचच्या उंच काठ्या, एकूण सात. पांढरी बाराबंदी घातलेली माणसं त्या पेलत शहरभर फिरतात. मग तळ्याकाठी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, दुसऱ्या दिवशी होम, त्यानंतर शोभेचं दारूकाम. बालपणी मला यातलं फक्त दारूकाम आणि पाळणे आठवायचे. यावेळी मी डोळे मिटून उभी राहिले.

आधी सनई-चौघडा. मग बँड. आणि मग गर्दीच्या पलीकडून हलगी. हलगीचा आवाज कानात येत नाही हो, तो बरगड्यांवर येतो. एका हातात आखूड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक लवचीक काडी. टिपरू ठोका देतं, काडी मधल्या जागा भरते. दहा-बारा जण गोलात आले की कडकडाट सुरू होतो आणि समोरच्याचे पाय आपोआप हलतात. माझेही हलले. ऑफिशियल ड्युटीवर असताना!

गोलाच्या कडेला एक म्हातारबाबा होते. सगळ्यांच्या हलग्यांना फायबरचं पान, यांच्या एकट्याच्या हलगीला कातडं. दर थोड्या वेळाने ते बाजूला जाऊन कागद पेटवायचे आणि पान शेकायचे. थंडीत कातडं सैल पडतं, शेकलं की तणतं, आवाज चढतो. फायबरला ही भानगड नाही. मी तिथेच उभी राहून बघत होते. "काय बघायलीस पोरी?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "मामा, ही हलगी किती जुनी?" म्हणाले, "कडं माझ्या बापाचं. कातडं गेल्या वर्षीचं."

हीच! मी मनात म्हटलं.

"समोर बसलाय की!"

दुसऱ्या दिवशी आतेभावाला घेऊन मी मामांच्या घरी गेले. दोन खोल्यांचं, नेटकं घर. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. मामांचा मुलगा बँकेत आहे. त्याने चहा दिला, माझं कार्ड नीट वाचलं आणि समोर बसला. मी सगळं समजावून सांगितलं. हलगी कशी जतन करू, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास कशी ठेवू, म्हणजे कातडं तडकणार नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, तिथे कातड्याचं काय होतं ते त्यांनाच जास्त ठाऊक. सैल ठेवू, कीड लागू देणार नाही, उजेड कमी ठेवू. योग्य ती किंमतही देऊ.

"आणि पाटीवर काय लिहिणार?" मुलाने विचारलं.

मी अभिमानाने फोन काढला. नमुना तयारच होता. हलगी. अवनद्ध वाद्य. लोखंडी कडं, बकऱ्याचं कातडं. सोलापूर, विसावं शतक. बनवणारा अज्ञात. वाजवणारा अज्ञात.

तो दोन मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, "अज्ञात कसा? समोर बसलाय की!"

मला खरंच कुठे बघावं कळेना. आमच्या सगळ्या रजिस्टरमध्ये तो शब्द छापल्यासारखा असतो. वस्तू जुन्या, देणारे तिसरेच, माहिती नाही, म्हणून अज्ञात. सवयच लागते. माणूस समोर चहा पीत असताना मी त्याला अज्ञात लिहून मोकळी झाले होते.

मग तो बोलत गेला. आजोबांच्या काळात हलगी वाजवणं ही हौस नव्हती, ते गावकीचं काम होतं. दवंडी द्यायची, कुणी गेलं की प्रेतापुढे वाजवायची, लग्नात वाजवायची आणि शेवटच्या पंगतीनंतर जे उरेल ते घ्यायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीत आणि विशेषतः १९५६ च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रभर अनेक घरांनी गावकीची ही कामं सोडली, त्याबरोबर हलगीही खाली ठेवली. "आमच्या चुलत्यांनी तर हलगी चुलीत घातली," तो म्हणाला. "तुम्ही ती काचेत ठेवणार. लोक येणार, म्हणणार, वा, किती छान परंपरा. कुणी का सोडली, ते कोण सांगणार?"

मामा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "मी नाय सोडली. गावकीची सोडली. गड्ड्यात माझ्या मर्जीनं वाजवतो. कुणी बोलवत नाय, कुणी हाकलत नाय."

"तेच तर, बाबा..."

"अन् काचेत ठेवली तर मी गड्ड्याला काय वाजवू? ताट?"

नातू, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, दारात उभा राहून ऐकत होता. तो हलगी पथकात वाजवतो, फायबरवर. एका घरात तीन पिढ्या आणि हलगीबद्दल तीन मतं. आणि मी मोजपट्टी घेऊन मधोमध.

आमच्या क्षेत्रात यावर बरीच चर्चा झाली आहे. वाद्य वाजवायचं की नाही? वाजवलं तर झिजतं. तारेचा ताण, कातड्यावरचे ठोके, फुंकरीतला ओलावा, सगळ्याने वस्तू खराब होते. नाही वाजवलं तर वस्तू टिकते, पण ती कशासाठी होती ते हळूहळू विसरलं जातं. बहुतेक संग्रहालयं न वाजवण्याच्या बाजूने जातात, कारण मोडलेलं परत आणता येत नाही. परीक्षेत हे उत्तर लिहून मी चांगले मार्क मिळवलेत. मामांच्या घरात ते उत्तर तोंडातून बाहेर येईना.

शेवटी बँकवाल्या मुलानेच व्यवहारी तोडगा काढला. "अकरा महिन्यांचा करार करा, मॅडम. भाड्याच्या घराचा करतात तसा. अकरा महिने तुमच्याकडे, गड्ड्याच्या महिन्यात बाबांकडे. पाटीवर नाव पायजे. वाजवायची का लागायची तेही पायजे आणि सोडली का तेही पायजे."

आम्ही सगळे हसलो. पण तो गंमत करत नव्हता.

भोपळ्याच्या शेतात

त्या दिवशी मी हलगीशिवायच परतले. रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी आतेभाऊ म्हणाला, "चल की, तुला भोपळे दाखवतो. डोकं शांत होईल." बाइकवरून मंगळवेढ्याची वाट धरली. सोलापूरहून साधारण पंचावन्न किलोमीटर.

तुम्ही मैफलीत जो तंबोरा बघता ना, त्याचा खालचा गोल भाग म्हणजे भोपळा. खायचा नव्हे, कडू, जाड सालीचा. मिरजेची सतार-तंबोऱ्याची कारागिरी प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून ती सुरू झाली. मूळ काम हत्यारांना धार लावण्याचं, संस्थानिक पटवर्धनांच्या आश्रयाने ही मंडळी वाद्यांकडे वळली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मिरजेत भोपळा पिकत नाही. तो येतो भीमेकाठावरून, म्हणजे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून. आमच्या सोलापूर जिल्ह्यातून!

आणि हे मला, सोलापूरच्या मुलीला, बडोद्याला वर्गात बसल्यावर कळलं होतं.

एका बांधावर थांबलो. जमिनीवर वेल आणि त्यात मोठमोठे भोपळे, जणू कुणी घागरी पालथ्या घातल्यात. शेतकरी काका वाकून एक एक भोपळा सरळ बसवत होते, खाली गवत सारत होते. एका अंगावर पडून राहिला तर त्या बाजूने चपटा होतो, मातीला टेकून कुजतो. "वाकडा झाला की व्यापारी घेत नाय," ते म्हणाले. पिकल्यावरही लगेच काही होत नाही. महिनोन् महिने वाळवायचा. मग कारागीर तो कापणार, भिजवून मऊ करणार, आतला गर आणि बिया काढणार, आकार देणार. त्यावर तुनाच्या लाकडाची दांडी, घोडी, तारा. शेवटी घोडीवर दोऱ्याने जवारी लागणार. तेव्हा कुठे 'सा'.

"पीक परवडतं का?" मी विचारलं. काकांनी समोर हात केला. चारी बाजूंना ऊस. "उजनीचं पाणी आल्यापासनं ऊस. त्याला राखण लागत नाय, वळवायला लागत नाय. भोपळ्यावर एक अवकाळी पाऊस पडला की गेलं." मग थोडं थांबून म्हणाले, "तुम्ही त्या म्युझियममधल्या ना? तिथल्या तंबोऱ्यावर आमचं गाव लिवलेलं असतं का?"

दोन दिवसांत दुसऱ्यांदा मला त्याच पाटीने पकडलं. आमच्या संग्रहात तंबोरे आहेत. पाटीवर 'मिरज' आहे. काहींवर कारागिराचं नावही आहे. भोपळा कुठल्या मातीतला, ते एकावरही नाही.

मंगळवेढं संतांचं गाव. चोखामेळा इथे गावकुसाच्या भिंतीचं काम करत असताना भिंत कोसळली आणि ते गेले, असं सांगतात. साल १३३८. पुढची कथा अशी की, नामदेव त्यांच्या अस्थी न्यायला आले. ढिगाऱ्यात अनेकांची हाडं. कुठली कुणाची? नामदेवांनी एक एक हाड कानाला लावलं. ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं, ते चोख्याचं. त्या अस्थी पंढरपुरात महाद्वारात पुरल्या, तिथेच समाधी आहे. आत्या ही गोष्ट मला लहानपणी सांगायची. त्या दिवशी चौकात चहा पिताना ती आठवली आणि पहिल्यांदा वाटलं, वेठीला राबणाऱ्या माणसांच्या ढिगाऱ्यात एकाची ओळख पटवायला कुणीतरी वाकून कान लावला होता. बाकीची हाडं कुणाची होती, ते मात्र कुणीच लिहून ठेवलं नाही.

साठ शब्दांत मावत नाही

पुण्याला परतायच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा मामांकडे गेले. यावेळी हलगी मागितली नाही. रेकॉर्डर काढला. मामांनी पान शेकलं, दारातच बसून वाजवलं. आधी गड्ड्याचा ठेका, मग लग्नाचा. मग म्हणाले, "हा तिसरा आता मी वाजवत नाय. तुला म्हणून एकदा. कळायला पायजे." तो प्रेतापुढचा होता. मुलगा उठून आत गेला. ठेका संपल्यावर बाहेर आला, आणि कधी, कुठे, कुणासाठी वाजवला जायचा, ते सगळं त्यानेच मला सांगितलं. नातवाने शेवटी विचारलं, "मला पण कॉपी मिळेल का रेकॉर्डिंगची?" त्याने तो ठेका आधी कधी ऐकलाच नव्हता.

कड्याचा व्यास घेतला, जाडी घेतली, सांधा कुठे ठोकलाय त्याचा फोटो घेतला. आणि पहिल्यांदाच, वाजवणाऱ्याचं नाव, वय, कुणाकडून शिकले, कधीपासून वाजवतात, हे सगळं लिहून त्यांना वाचून दाखवलं. एक चूक त्यांनी दुरुस्त केली. वडिलांचं नाव मी चुकीचं लिहिलं होतं.

आता पुण्यात बसून हे लिहितेय. अकरा महिन्यांच्या कराराचा प्रस्ताव मी आमच्या समितीपुढे ठेवलाय. वस्तू दर वर्षी बाहेर जाणार, शेकली जाणार, ठोकली जाणार, कातडंही बदललं जाणार. मग आपण जतन काय करणार, असा प्रश्न आलाय आणि तो रास्त आहे. माझं उत्तर तयार आहे. कातडं दर काही वर्षांनी बदलणं हाच त्या वाद्याचा नेम आहे. कडं टिकतं, कातडं बदलतं, ठेका एका हातातून दुसऱ्या हातात जातो. समिती काय म्हणते, बघू. फाइल अजून फिरतेय.

तोवर मी एक काम माझ्या अधिकारात करून टाकलं. तंबोऱ्यांच्या नोंदींमध्ये एक नवा रकाना वाढवला: 'भोपळा कुठला'. जुन्या वाद्यांपुढे तो रिकामाच राहील कदाचित. पण रिकामा रकाना निदान विचारतो तरी. 'अज्ञात' लिहिलं की विचारणं संपतं.

हलगीची पाटी मात्र अजून जमलेली नाही. आमच्याकडे पाटीला साठ शब्दांची मर्यादा आहे, उभ्या उभ्या लोक त्यापेक्षा जास्त वाचत नाहीत. गावकी, दवंडी, चुलीत घातलेली हलगी, स्वतःच्या मर्जीने गड्ड्यात वाजवणारा म्हातारा, फायबरवर वाजवणारा नातू. सहा खर्डे झाले. पहिल्या शब्दाबद्दल मात्र शंका नाही. तिथे मामांचं नाव आहे. ते मी इथे छापत नाहीये, कारण त्यांच्या मुलाने सांगितलंय, "आधी पाटीवर येऊ दे, मग मासिकात."

परवा आतेभावाचा मेसेज आला: "काय बे, झाली का वाद्यं पुसून?"

मी लिहिलं, "पुसून झाली. विचारून व्हायचीत."

सोलापूरला निघताय?

कसं जाल: पुण्याहून सुमारे अडीचशे किलोमीटर. संध्याकाळची हुतात्मा नोकरदारांना सोयीची. मुंबईहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस आहे आणि फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारतही.

कधी जाल: गड्डा बघायचा तर संक्रांतीचा आठवडा. रजा आधीच टाका. एप्रिल-मे शक्यतो टाळा, ऊन सोसणार नाही.

काय बघाल, काय ऐकाल: सिद्धेश्वर मंदिर आणि तळं, शेजारचा भुईकोट किल्ला. बाळ्याच्या खंडोबाला गेलात तर वाघ्यांची दिमडी ऐका. पूर्वी दिमडीला घोरपडीचं कातडं लावत, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते चालत नाही. तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटरवर, तिथे गोंधळ्यांचं संबळ.

काय खाल: कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. चटणीचा एक पुडा ऑफिससाठी घ्या. एक पुरत नाही, दोन घ्या.

आणि एक: वाजवणाऱ्याचा फोटो काढलात तर त्याला नाव विचारा.